हुकलेल्या टकरींचा इतिहास

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे म्हणून आपण एखाद्या जिवावरच्या प्रसंगातून सुटल्याचा सुस्कारा टाकतो, देवापुढे साखर ठेवतो आणि चार दिवसांत तो प्रसंग विसरूनही जातो. त्यात वावगे काही नाही. संकट टळले ते टळले. त्याची उजळणी करीत बसण्याचा माणसाचा स्वभाव नव्हे. इतिहासकाराची वृत्तीही काही निराळी नसते. जे घडले त्याची तो नोंद करतो; जे घडता घडता राहिले त्याला बखरीत जागा नसते. बुडालेल्या जहाजांच्या याद्या सापडतात. खडकाला घासून सुखरूप बंदरात आलेल्या जहाजांच्या सापडत नाहीत.

परंतु विसाव्या शतकात एक असा व्यवसाय उदयास आला की, ज्याला ह्या न घडलेल्या गोष्टींचा इतिहास लिहिणे भाग पडले. तो व्यवसाय म्हणजे विमानवाहतूक. आकाशात दोन विमाने एकमेकांवर आदळली म्हणजे जगभर हाहाकार होतो, आयोग बसतो, अहवाल निघतो. पण दोन विमाने एकमेकांच्या शेपटाजवळून शेदोनशे फुटांवरून निसटून गेली, तर काय होते? प्रवासी खाली उतरून आपापल्या सामानाची वाट पाहत उभे राहतात. त्यांना काही ठाऊकही नसते. ठाऊक असते ते फक्त चार-दोन माणसांस, आणि ती बोलतील की गप्प राहतील ह्यावर पुढच्या कित्येकांचे प्राण अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात ह्या बोलण्याचा आणि गप्प राहण्याचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

प्रथम एका साध्या प्रश्नाचे उत्तर देणे अवश्य आहे. आकाश एवढे अफाट असता विमाने एकमेकांजवळ येतातच कशी? ह्याचे उत्तर असे की, आकाश अफाट असले तरी धावपट्ट्या थोड्या असतात. आषाढीला दिंड्या गावोगावहून निघतात तेव्हा प्रत्येकीची वाट मोकळी असते. पण वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र आल्या, म्हणजे पंढरपुरापर्यंत पाऊल ठेवावयास जागा नसते. विमानांचेही तसेच आहे. दशदिशांनी आलेली विमाने विमानतळाजवळ एका अदृश्य नरसाळ्यात शिरतात आणि एकामागून एक खाली उतरू लागतात. नेमक्या ह्याच वेळी वैमानिकाची धांदल सर्वांत अधिक असते. वेग कमी करावयाचा, चाके बाहेर काढावयाची, पंखांच्या झडपा उघडावयाच्या, नियंत्रकाशी बोलावयाचे; आणि हे सर्व चालू असता काचेतून बाहेरही पाहावयाचे. मोठी विमाने, छोटी खाजगी विमाने आणि हेलिकॉप्टरे ह्याच थोड्याशा जागेत वावरतात. म्हणून नियमाने दोन विमानांत उंचीचे अंतर किमान एक हजार फूट, किंवा ते नसेल तर विमानतळाच्या परिसरात आडवे अंतर सामान्यतः तीन सागरी मैल ठेवावयाचे असते. हे अंतर मोडले, की टक्कर हुकण्याच्या किंवा होण्याच्या गोष्टी सुरू होतात.

प्रवासी विमानांची पहिली टक्कर झाली ती ७ एप्रिल १९२२ रोजी, फ्रान्समधील पिकार्डी प्रांतात. एक विमान लंडनजवळच्या क्रॉयडनहून पॅरिसकडे निघाले होते, दुसरे पॅरिसहून क्रॉयडनकडे. हवा धुकट होती आणि खालच्या ओळखीच्या खुणा पाहत उडण्याची त्या काळची रीत होती. दोघांनीही एकच वाट धरली आणि ती समोरासमोर आदळली. सात माणसे दगावली. त्यानंतर वाटेच्या उजव्या बाजूने उडावे असा संकेत रूढ झाला. बैलगाडीच्या रस्त्याचा नियम आकाशात गेला, एवढाच त्याचा अर्थ.

पुढे तीन तपे हवाई वाहतूक ह्या ‘पाहा आणि टाळा’ तत्त्वावरच मुख्यतः विसंबून होती. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या दरीवर, एकवीस हजार फुटांवर, दोन मोठी विमाने आदळून १२८ माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा ह्या तत्त्वावरचा विश्वास पहिल्यांदा डळमळला. १९५८ साली नवा कायदा होऊन अमेरिकेचे सारे आकाश एका मध्यवर्ती यंत्रणेच्या ताब्यात आले. तरी दोनच वर्षांनी, १६ डिसेंबर १९६० रोजी, न्यूयॉर्क शहरावर त्याहून विलक्षण अपघात झाला. हिमवृष्टी आणि ढग ह्यांमुळे काहीच दिसत नव्हते. एक विमान लाग्वार्डियाकडे उतरत होते, दुसरे आयडलवाइल्डकडे. दुसऱ्याने एका ठराविक बिंदूपाशी घिरट्या घालीत थांबावयाचे होते. नियंत्रकाने वाटेतच मार्ग जवळचा करून दिला, त्यामुळे तो बिंदू अपेक्षेपूर्वीच आला. विमानातील दिशादर्शक यंत्रांच्या जोडीपैकी एक बंद पडलेले होते. वेगही अधिक होता. बिंदू मागे पडला आणि विमान कित्येक मैल पुढे दुसऱ्याच्या वाटेत गेले. विमानांतील १२८ आणि जमिनीवरील ६ अशी १३४ माणसे गेली. विमानतळाच्या जवळ आणि कमी उंचीवर वेग अडीचशे सागरी मैलांच्या आत ठेवावा, ह्या नियमाचा उगम ह्या अपघातात आहे.

येथवरचा इतिहास घडलेल्या टकरींचा आहे. पण प्रत्येक घडलेल्या टकरीमागे न घडलेल्या किती असतील, हे कोणास ठाऊक होते? १९६८ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने हे जाणून घेण्यासाठी एक शहाणपणाचा निर्णय घेतला. हुकलेल्या टकरीची हकीकत जो कळवील त्यास शिक्षा होणार नाही, असे अभय देण्यात आले. त्या एका वर्षात दोन हजारांहून अधिक हकीकती आल्या आणि त्यांपैकी सुमारे निम्म्या खरोखरच धोक्याच्या असल्याचे आढळले. काल-परवापर्यंत जे प्रसंग अस्तित्वातच नव्हते, ते केवळ अभय मिळताच कागदावर उतरले. आकाश त्या वर्षी अधिक धोक्याचे झाले नव्हते; माणसे बोलू लागली होती.

बोलणे कोणाशी, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे, हे १९७४ साली दिसून आले. वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरावयास निघालेल्या एका वैमानिकाने, नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ ‘आता खाली यावयास हरकत नाही’ असा घेतला, आणि वाटेतल्या डोंगरमाथ्यावरून तो जेमतेम निसटला. त्याने आपल्या कंपनीला ते कळविले. कंपनीने आपल्या सर्व वैमानिकांस सावध केले. परंतु ती सूचना कंपनीच्या भिंतींबाहेर गेली नाही. सहा आठवड्यांनी, १ डिसेंबर १९७४ रोजी, दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकाने त्याच परवानगीचा तोच अर्थ घेतला आणि विमान त्याच डोंगरावर आदळले. ९२ माणसे गेली. ही दोन विमानांची टक्कर नव्हती, तरी आपल्या विषयाचे मर्म हिच्यात आहे. पुढच्यास ठेच लागली होती. मागचा शहाणा झाला नाही, कारण पुढच्याने ठेच आपल्या घरातच सांगितली.

ह्या घटनेतून १९७६ साली एक नवी व्यवस्था निर्माण झाली. वैमानिकांनी व नियंत्रकांनी आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेली संकटे कळवावयाची. पण ती दंड करणाऱ्या खात्याला नव्हे, तर ‘नासा’ ह्या तिऱ्हाईत संस्थेला. ही संस्था कळविणाऱ्याचे नाव पुसून टाकते, हकीकत तेवढी ठेवते. कबुली ऐकणारा आणि शिक्षा सुनावणारा हे दोघे निरनिराळे असावेत, ही कल्पना धर्मसंस्थांना जुनीच असली तरी यंत्रयुगाला नवी होती. तेव्हापासून आजपर्यंत तेथे दहा लाखांहून अधिक हकीकती जमल्या आहेत. १९८२ साली इंग्लंडनेही त्याच धर्तीवर आपली व्यवस्था सुरू केली.

तथापि माणसाचे बोलणे हे दुधारी शस्त्र आहे. २५ सप्टेंबर १९७८ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे आकाश स्वच्छ होते. उतरत असलेल्या एका बोईंग ७२७ विमानाला पुढे एक छोटे सेस्ना विमान असल्याचे नियंत्रकाने सांगितले. वैमानिकांना ते दिसले, मग दिसेनासे झाले. ते बाजूने निघून गेले असावे, अशा अर्थाचे शब्द वैमानिकाने नियंत्रकाला ऐकविले. नियंत्रकाला मात्र ते बाजूने जात आहे, असे ऐकू आले. इंग्रजी क्रियापदाच्या एका प्रत्ययाचा हा फरक. भूतकाळ आणि वर्तमानकाळ ह्यांची ही गल्लत. छोटे विमान गेलेले नव्हते; ते मोठ्याच्या खालीच होते. रडारच्या खोलीत धोक्याची घंटाही वाजली होती, पण तशा घंटा रोज वाजत आणि बहुतेक फुकट जात. शिवाय वैमानिकाला समोरचे विमान दिसते आहे अशी समजूत होती. १४४ माणसे प्राणास मुकली.

‘दिसत असता टाळले का नाही?’ असे सामान्य माणूस विचारील. येथे निसर्गाचाच एक क्रूर विनोद आहे. दर्यावर्दी लोकांस पूर्वापार ठाऊक आहे की, जे जहाज आपल्या दृष्टीसमोर डावी-उजवीकडे सरकते त्याची भीती नाही. जे एकाच जागी स्थिर राहून नुसते मोठे होत जाते, ते आपल्यावर येत असते. आकाशातही आदळू पाहणारे विमान काचेवरच्या एखाद्या ठिपक्यासारखे निश्चल दिसते, आणि माणसाचा डोळा तर हलणाऱ्या गोष्टी टिपण्यात पटाईत. जे टळणार ते डोळ्यात भरते, आणि जे आदळणार ते अखेरच्या काही सेकंदांपर्यंत लपून राहते. दोन विमाने प्रत्येकी अडीचशे सागरी मैलांच्या वेगाने समोरासमोर आली, तर पाच किलोमीटरचे अंतर वीस सेकंदांच्या आत संपते. त्यात वरच्या विमानाचे पंख पोटाखाली आणि खालच्याचे डोक्यावर असतील, तर एकमेकांस पाहण्याची सोयच नाही.

म्हणून डोळ्याच्या मदतीला यंत्र आणावयाचे ठरले. पन्नाशीच्या दशकातच बेंडिक्स कंपनीतील डॉ. मोरेल ह्या शास्त्रज्ञाने असे दाखवून दिले होते की, धोका किती मैलांवर आहे हे विचारू नये, किती सेकंदांवर आहे ते विचारावे. काळ आणि वेळ ह्यांतला भेद आपली म्हण ओळखते. ह्या गणितानेही तोच भेद ओळखला. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजल्सकडे उतरणारे एक विमान सेरिटॉस गावावर एका छोट्या विमानाशी आदळून ८२ माणसे गेली, आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने प्रवासी विमानांवर टक्करनिवारक यंत्र बसविण्याचा कायदा केला. हे यंत्र आसपासच्या विमानांस अदृश्य हाक घालते, त्यांच्या उत्तरावरून उंची व अंतर काढते, आधी सावध करते आणि मग एका वैमानिकाला ‘वर चढा’ व दुसऱ्याला ‘खाली उतरा’ अशी परस्परपूरक आज्ञा देते.

हे यंत्र जगात असूनही सर्वांच्या विमानांत नव्हते, ह्याची किंमत आपल्या देशात मोजली गेली. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला चरखी दादरी हे नाव त्या संध्याकाळपूर्वी फारसे ऐकूनही माहीत नसावे. दिल्लीच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर हरियाणातील हे गाव. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी दिवेलागणीनंतर सौदी अरेबियाचे बोईंग ७४७ विमान दिल्लीहून धाहरानला निघाले. त्यात पोटासाठी आखातात चाललेले कितीतरी भारतीय होते. त्याच वेळी कझाकस्तानचे इल्युशिन ७६ विमान शिमकेंतहून दिल्लीला उतरावयास येत होते. दिल्लीच्या आकाशाचा बराचसा भाग हवाई दलासाठी राखलेला असल्यामुळे येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकच अरुंद बोळ होता. नियंत्रकाने चढणाऱ्याला चौदा हजार फुटांवर आणि उतरणाऱ्याला पंधरा हजार फुटांवर थांबावयास सांगितले. मध्ये एक हजार फुटांची भिंत. पण ती भिंत शब्दांची होती. दिल्लीच्या त्या वेळच्या जुन्या रडारवर विमानाचा ठिपका दिसे, त्याची उंची दिसत नसे. वैमानिक तोंडाने सांगेल तीच उंची. नवे रडार बसविण्याचे काम चालू होते.

कझाक विमानात नियंत्रकाशी बोलणारा माणूस वेगळा आणि विमान चालविणारा वेगळा. बोलणाऱ्यासमोर स्वतःचे उंचीमापक नव्हते. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याने ते वाचावयाचे. समोरून विमान येत असल्याचे नियंत्रकाने त्यांस सांगितले होते. तरी विमान पंधरा हजारांवर थांबले नाही, उतरतच राहिले. शेवटच्या क्षणी रेडिओवरच्या माणसाच्या ध्यानात ती चूक आली, त्याने वर चढण्यास सांगितले, विमान किंचित चढले आणि सौदी विमानावर आदळले. ते चढले नसते, तर कदाचित खालून निसटून गेले असते, असे मानले जाते. तसे झाले असते तर ती आणखी एक हुकलेली टक्कर ठरली असती, आणि बहुधा कोणाच्या कानावरही न जाता विरून गेली असती. ती हुकली नाही. दोन्ही विमानांतील ३४९ माणसांपैकी एकही वाचला नाही. आकाशातील टकरींत इतकी मनुष्यहानी आजवर दुसरीकडे कोठेही झालेली नाही. सरसो-गव्हाच्या शेतांत ढिगारे पसरले. गावकऱ्यांनी कंदील आणि ट्रॅक्टरांच्या उजेडात रात्र काढली.

न्यायमूर्ती लाहोटी ह्यांच्या आयोगाने कझाक विमानाने नेमलेली उंची सोडल्याचा निष्कर्ष काढला. इंग्रजीच्या तुटपुंज्या ज्ञानाचाही उल्लेख झाला. त्यानंतर दिल्लीस येण्याचे व जाण्याचे मार्ग वेगळे करण्यात आले, उंची दाखविणारे रडार कार्यान्वित झाले आणि भारतात ये-जा करणाऱ्या विमानांवर टक्करनिवारक यंत्र सक्तीचे झाले. वैमानिकांच्या इंग्रजीची परीक्षा घेणारे आंतरराष्ट्रीय नियम पुढे आले, त्यांमागेही दादरीची आठवण होती. हे सारे उपाय १२ नोव्हेंबरपूर्वी कोणाला सुचलेच नव्हते, असे नाही. ते सावकाश येत होते. अपघात त्यांच्या आधी आला.

यंत्र आले म्हणून कथा संपली, असेही नाही. यंत्र एक सांगते आणि माणूस दुसरे सांगतो, तेव्हा ऐकावयाचे कोणाचे? ३१ जानेवारी २००१ रोजी जपानच्या आकाशात एकाच कंपनीची दोन विमाने एकमेकांवर चालून आली. नियंत्रकाने विमानांच्या क्रमांकांत गल्लत केली आणि एकाला उतरण्यास सांगितले. त्या विमानातील यंत्र मात्र ‘चढा’ म्हणत होते. वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकले. दोन्ही विमानांत मिळून ६७७ माणसे होती; अखेरच्या क्षणी दिलेल्या हिसक्याने टक्कर हुकली, सुमारे शंभर जण जखमी झाले. जिवावरचे बोटावर निभावले. पण ह्या प्रसंगातला प्रश्न जगाने वेळेत सोडविला नाही. सतरा महिन्यांनी, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीतील उबरलिंगेन गावावर नेमका तोच पेच उभा राहिला. नियंत्रक ‘उतरा’ म्हणाला, यंत्र ‘चढा’ म्हणाले. वैमानिकाने माणसाचे ऐकले. दुसऱ्या विमानाने आपल्या यंत्राचे ऐकून तेही उतरू लागले. ७१ जण गेले, त्यांत ५२ मुले होती. यंत्राची आज्ञा नियंत्रकाच्या आज्ञेहून श्रेष्ठ, हे आंतरराष्ट्रीय नियमांत निःसंदिग्धपणे आले ते २००३ च्या नोव्हेंबरात.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान आणि लष्कराचे हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर आदळून ६७ माणसे गेली. जमिनीपासूनची उंची जेमतेम तीनशे फूट. इतक्या खाली टक्करनिवारक यंत्र ‘चढा-उतरा’ अशी आज्ञा देत नाही, कारण उतरत्या विमानाला जमिनीजवळ तशी आज्ञा देणेच धोक्याचे. चौकशीत जे बाहेर आले ते ह्या लेखाच्या वाचकाला नवे वाटू नये. हेलिकॉप्टरची वाट आणि त्या धावपट्टीवर उतरण्याची वाट ह्यांत काही ठिकाणी अवघे ७५ फूट अंतर उरत होते. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ ह्या काळात त्या एका विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर एकमेकांपासून एका सागरी मैलाच्या व चारशे फूट उंचीच्या आत आल्याचे १५,२१४ प्रसंग नोंदले गेले होते. त्यांपैकी ८५ प्रसंगी तर आडवे अंतर पंधराशे फुटांहून आणि उंचीचे दोनशे फुटांहून कमी होते.

१९६८ साली जे कळावे म्हणून अभय द्यावे लागले, ते आता यंत्रे आपोआप टिपून ठेवीत होती. कोणी लपविले नव्हते, कोणी घाबरून गप्प बसले नव्हते. पंधरा हजार वेळा ठेच लागल्याचे वहीत लिहिलेले होते. ती वही वेळेवर वाचली गेली नाही, एवढेच. गप्प बसण्याचे जुने दुखणे बरे झाले, तो न ऐकण्याचे नवे दुखणे जडले.

न घडलेल्या गोष्टींचा हा इतिहास आपणां सामान्य माणसांसही काही सांगतो, असे मला वाटते. विमाने चालविणारे थोडे. पण कारखान्यांत, इस्पितळांत, रेल्वेच्या फाटकांवर, पुलांच्या आणि धरणांच्या कामांवर थोडक्यात टळलेले प्रसंग रोजच घडतात. तेथेही ‘वेळ आली नव्हती’ म्हणून आपण सुटका मानतो. ती म्हण वाईट नाही, पण ती दिलाशाची म्हण आहे. तिच्याशेजारी ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही दुसरी म्हण आपल्या पूर्वजांनी ठेवली आहे, ती कर्तव्याची. तिच्यात न सांगितलेल्या तीन अटी आहेत: ठेच लागलेल्याने ओरडले पाहिजे, ओरडल्याबद्दल त्याला कोणी मारता कामा नये, आणि मागच्याने कान उघडे ठेवून चालले पाहिजे. चरखी दादरीच्या शेतांत आता पुन्हा पिके उभी राहतात आणि त्यांच्यावरून विमानांचे दिवे रात्री दिल्लीकडे उतरत जातात. ते दिवे एकमेकांपासून दूर राहतात, ह्यामागे त्या ३४९ जणांचा वाटा आहे. उद्याच्या प्रवाशांसाठी मात्र इतकी किंमत पुन्हा मोजावी लागू नये. हुकलेल्या टकरीनेच ते काम करावे, आणि आपण तिला करू द्यावे.